डाव्या गालाची रायफल

माझ्या हातून आयुष्यात डास सोडून कुणाची हत्या झालेली नाही, आणि डासांच्या बाबतीतही माझं यश शेकडा चाळीसच्या पुढे कधी गेलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण आमच्या सावेडीच्या सोसायटीत सध्या माझा दुहेरी लौकिक आहे. एक म्हणजे मी बंदूकवाला, आणि दुसरं म्हणजे माझ्या घराला बाधा आहे. वस्तुस्थिती एवढीच की मी औटी, शाळेत गणित शिकवतो आणि मुलीसाठी मला एक परवडणारी पॉइंट टू टू रायफल घ्यायची होती. ती रायफल आत्ता माझ्या पाठीमागच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. तरीही मी कपाटाकडे पाठ करून लिहितो आहे ते मुद्दाम, कारण तोंड करून बसलो की लिहिणं होत नाही.

मुलगी पंकजा, वय एकोणीस. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये तिच्या हातात पहिल्यांदा रायफल आली, आणि ज्या पोरीला मी अकरावीपर्यंत "जरा नीट बस" म्हणत होतो ती एकदम दगडासारखी स्थिर बसायला लागली. पण राज्याच्या निवड चाचणीत चार-पाच गुणांनी हुकली. कॉलेजात रायफल एक आणि तिच्यावर लटकणारी पोरं अकरा. मी बाप या नात्याने जाहीर केलं, "अजून एक चाचणी. तीत निवड झाली तर खेळ. नाही झाली तर बंदूक बंद आणि बँकेच्या परीक्षांचा क्लास सुरू." मी काही जाहीर केलं की पंकजा वाद घालत नाही. डाव्या हाताचा अंगठा मुठीत घट्ट धरून बसते, ही तिची लहानपणची सवय. तशीच बसली आणि म्हणाली, "मग मला स्वतःची रायफल हवी पप्पा. एकदाच मागते."

पुढच्या चाचणीला वर्ष होतं. त्यातले दहा महिने लायसनात गेले.

आमच्या वरच्या मजल्यावर अंगदराव ढोकणे राहतात. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे सल्ल्याचं आवर्तन बारमाही असतं. ते म्हणाले, "सर, रायफल कशाला? राहुरीला माझ्या मेहुण्याकडं पीव्हीसी पाइपची बंदूक आहे. कार्बाइड टाकायचं, धडाम् करून आवाज. बिबट्या पळतो. लायसन लागत नाही." मी म्हणालो, निवड चाचणीत बिबटे पळवायचे नसतात. ते म्हणाले, "बघा, सुचवलं."

चौकशीला पोलीस आले तेही नेमके अंगदरावांकडेच गेले. माझं चारित्र्य जिन्यात उभं राहून मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. "औटी सर? अहो, वर्गात पोरं त्यांच्यासमोर डबे खातात. हा माणूस गोळी काय झाडणार, खडू फेकला तर तो पण चुकतो." पोलिसांनी शांतपणे लिहून घेतलं: अर्जदार निरुपद्रवी. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं हे एकमेव लेखी प्रशस्तिपत्र. मग छापील फॉर्मवर जिल्ह्याचं जुनं नाव होतं म्हणून अर्ज एकदा परत आला, आणि नवं नाव घालून दिला तर माझ्या जन्माच्या दाखल्यावर जुनं आहे म्हणून दुसऱ्यांदा परत आला. एकाच घरात राहून मी दोन जिल्ह्यांचा रहिवासी झालो. असो.

लायसन हातात पडल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आणि पंकजा खुर्शीदभाईंच्या दुकानात गेलो. नगरच्या जुन्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांमागे एक बोळ आहे, त्यात तीन पिढ्यांचं हत्यारांचं दुकान. खुर्शीदभाई सत्तरीचे, पांढरी टोपी, बोलणं इतकं हळू की आपोआप पुढे वाकावं लागतं. त्यांनी नव्या स्पर्धेच्या रायफलीची किंमत सांगितली. त्या पैशांत राहुरीला गुंठाभर रान आलं असतं. मी खोकलो.

"मग जुन्या बघा," ते म्हणाले आणि आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेले.

टळटळीत दुपार होती, बाहेर तापमान बेचाळीस, आणि त्या खोलीत अंगावर काटा येईल असा गारवा. भिंतभर लाकडी कपाट. दार उघडलं तर आत बंदुका उभ्या, शेजारी शेजारी, प्रत्येकीच्या नळीला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, गाव आणि खाली लाल शाईत एकच शब्द. मयत. मयत. मयत. नळ्यांच्या पायाशी झेंडूची वाळलेली फुलं पडली होती.

"मालक गेले की घरचे इथं आणून जमा करतात," खुर्शीदभाई म्हणाले. "कुणी परत नेतं, कुणी नाही. खंडेनवमीला मी दरसाल सगळ्यांना फूल वाहतो. माझी रीत नाही ती सर, पण त्यांची होती. अमानत आहे."

मला का कोण जाणे, वर्गात हजेरी घेताना जसं वाटतं तसं वाटलं. फक्त कुणी 'हजर' म्हणत नव्हतं.

त्यांनी तीन रायफली टेबलावर मांडल्या. पॉइंट टू टूचं काडतूस शेंगदाण्याएवढं असतं, हे मला तिथे कळलं. "रिमफायर म्हणतात. मार काडतुसाच्या बुडाला मध्ये बसत नाही, कडेला बसतो. म्हणून ही कधी रिकामी चालवायची नाही. आत काडतूस नसेल तर तो मार नळीच्या कडेवर बसतो, नळी खराब. सरावाला आत वापरलेलं रिकामं काडतूस ठेवायचं." पहिली रायफल गुळगुळीत, देखणी, माझ्या आवाक्याबाहेर. दुसरी बरी. तिसरी चेक बनावटीची, जुनी, दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकतं ते लाकूड, मात्र मूळचा नव्हता. कुण्या गावच्या सुताराने काळ्या शिसवीचा बनवलेला. तिच्या पट्ट्याला लुगड्याची एक विटकी लाल चिंधी बांधलेली. चिठ्ठीवर नाव: कारभारी धिंदळे, राजूर. मयत.

पंकजाने पहिलीला हात लावला, दुसरीला लावला. तिसरी उचलली आणि काही क्षण नुसती धरून उभी राहिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि पटकन खाली ठेवली. "ही," ती म्हणाली.

खुर्शीदभाई तिच्याकडे बघत राहिले. "बेटी, हीच? बारा वर्षांत हिला कुणी घेतलं नाही."

"हीच."

तिन्हींत ती सगळ्यात स्वस्त होती. पोरीने बापाच्या खिशाचा विचार केला या कल्पनेने माझे डोळे भरून आले. मी बाजूला जाऊन चष्मा पुसला. आता आठवलं की लाज वाटते.

वारसांची संमती हवी होती. म्हणून पुढच्या आठवड्यात मी एस.टी.ने राजूरला गेलो. बाजाराचा दिवस होता. कारभारींचं घर गावाबाहेर, डोंगराच्या अंगाला. अंगणात हिरडे वाळत घातले होते आणि त्यांत एक म्हातारी बसली होती. चांगुणाबाई, कारभारींची बायको. मी कागद काढला, रायफलीचं सांगितलं. तिने हिरडे निवडणं थांबवलं नाही.

"गुर्जी, तिला निवडलं कुनी?"

"माझ्या मुलीने."

"व्हय का? मंग तुमच्या घरात डावं कोन हाय?"

"कोणी नाही," मी म्हणालो. इतक्या झटकन म्हणालो की मलाच ते ऐकू आलं.

"आसल," म्हातारी म्हणाली. "लई जनांनी तिला उचलून पायली. उजव्याच्या गालाला ती लागत न्हाई. आमचं मालक डावखुरं. तेंच्या आयनं ल्हानपनी तेंचा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं खाटंला बांधला हुता. जेवताना, लिवताना. मास्तर पट्टीनं हानायचा. तरी हात काय सरळ झाला न्हाई. पुढं पिकाच्या राखणीला बंदूक घेतली, तर ती उजव्याची. मंग सुताराकडून दस्ता करून घेतला, डाव्या गालाचा. आन आयनं बांधलेली ती चिंधी आयुक्षभर जपून ठिवली, ती बंदुकीला बांधली. वानरं पळवायला हवंतच उडवायचं, पर नेम आसा, आंब्याचा देठ तोडायचं, आंब्याला धक्का न्हाई."

मला त्या उन्हात एकदम तहान लागली. आमच्याकडेही एकदा, पंकजा पहिलीत असताना, पण तो विषय वेगळा. मी पाणी मागितलं.

"त्या चिंधीची गाठ सुटत नाही, असं दुकानदार म्हणाले," मी विषय बदलायला म्हणालो.

"न्हाईच सुटत. म्याबी बघितलं. कापू नगा मातर. आन आजून एक. निजताना तिचं त्वांड मावळतीला ठिवायचे ते. दुसरीकडं ठिवली तर फिरायची."

"कोण फिरायचं?"

"बंदूक," म्हातारी म्हणाली, जणू मी गाढव होतो. मग तिने डावा अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला आणि पहिल्यांदाच हसली. "सरकारला मातर डावाच अंगठा लागतोय. ह्याचं तेंना लई हासू यायचं."

परतीच्या एस.टी.त मी स्वतःला समजावलं की मी गणिताचा मास्तर आहे. दस्ता डावा असेल तर तो तासून उजवा करता येईल, त्यात काय मोठं. तरी संगमनेर येईपर्यंत मी स्वतःचा डावा हात मांडीखाली दाबून बसलो होतो, हे उतरताना लक्षात आलं. मुंग्या आल्या होत्या.

रायफल घरी आली. भिंतीत बोल्ट ठोकून पोलादी कपाट बसवलं, किल्ली देवघरात अन्नपूर्णेच्या मागे ठेवली. माझी बायको जया पोस्टात आहे, कुलूपकिल्लीच्या बाबतीत माझ्याहून जाणती. ती म्हणाली, "अहो, ही जागा अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे." मी म्हणालो, देवीचं लक्ष राहील. अंगदरावांनी वास्तुशास्त्र सांगितलं: शस्त्राचं तोंड पूर्वेला. मी कपाटाच्या फळीवर रायफल आडवी, तोंड पूर्वेला करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आल्यावर सहज उघडून पाहिलं तर तोंड पश्चिमेला होतं.

मी परत पूर्वेला केलं. माणसाची चूक होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा पश्चिमेला. शिवाय नळीत एक वापरलेलं रिकामं काडतूस होतं. ते मी ठेवलेलं नव्हतं. दस्त्याला हात लावला तर शिसवीचा तो गालाचा उंचवटा कोमट लागला, नुकतंच कुणी उठून गेल्यावर उशी लागते तसा. मी कपाट लावलं आणि देवासमोर उभा राहून पाढे म्हटले. मला स्तोत्रं पाठ नाहीत.

दुपारी घरात कुणी नसतं. मी शाळेत, जया पोस्टात, पंकजा चारपर्यंत कॉलेजात. आणि शनिवारी अंगदराव जिन्यात मला गाठून, इकडे तिकडे पाहून म्हणाले, "सर, राग मानू नका. तुमच्या घरात दुपारी बारा-एकला कुणीतरी मोजतं."

"काय मोजतं?"

"आकडे. एक, दोन, तीन... अगदी सावकाश. आठपर्यंत. मग टक् असा आवाज. मग पुन्हा पहिल्यापासून."

"आवाज कुणाचा आहे? बाईचा की पुरुषाचा?"

"आवाज नाहीच म्हणायचा सर. श्वासच आकडे मोजतो असं वाटतं."

मी भाजीची पिशवी जिन्यातच विसरून घरात शिरलो.

मग उपाय सुरू झाले. अंगदरावांनी रायफलीच्या घोड्याला लिंबू-मिरची बांधली. खुर्शीदभाईंना फोन केला तर ते म्हणाले, "माझ्याकडं होती तेव्हा ती कायम पश्चिमेलाच तोंड करून असायची सर. मला वाटायचं नोकर फिरवतो. मग नोकर गेला, तरी फिरायचीच." म्हणजे धीर द्यायला केलेल्या फोनने मी अजून गळालो. समोरच्या भिंतीवर, बरोबर डोळ्याच्या उंचीवर, पेन्सिलीने काढलेला एक काळा ठिपका सापडला. मी खोडला. दोन दिवसांनी तो पुन्हा होता.

शेवटी माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मी कपाटासमोर फरशीवर रांगोळीची पूड चाळून पसरली आणि शाळेत गेलो. त्या दिवशी दोन वर्गांना एकच उदाहरण तीनदा सोडवून दाखवलं, आणि तीन वेगळी उत्तरं आली. घरी येऊन पाहतो तो पुडीत दोन पावलांचे ठसे. अनवाणी. उजवं पाऊल पुढे, भिंतीकडे, डावं मागे. मी स्वतः तसा उभा राहून पाहिलं. उजवा पाय पुढे ठेवून रायफल धरली तर ती डाव्याच खांद्याला लागते.

"जया," मी हाक मारली, "ते आले आहेत."

"कोण?"

"कारभारी."

तिने ठसे बघितले. बराच वेळ बघितले. मग माझ्याकडे अशी काही नजर टाकली की ती मला तेव्हा समजली नाही. म्हणाली, "पावलं लहान आहेत हो."

"मेल्यावर माणूस आटतो," मी म्हणालो. त्या क्षणी मला ते अगदी शास्त्रीय वाटलं होतं.

दरम्यान सराव चालूच होता, आणि तिथेही भूतबाधाच. रविवारी रेंजवर पहिली फैर मी झाडली. माझ्या पाचही गोळ्या कुठे गेल्या हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. पंकजाने उजव्या खांद्याला लावून मारल्या, तर तिचे गुण पहिल्यापेक्षाही घसरले. तिच्या गालाला आधार नाही आणि मान वाकडी. कोच हारिस, कॉलेजचाच जुना विद्यार्थी, म्हणाला, "सर, दस्ता उलटा आहे. एक तर दस्ता बदला, नाही तर..." आणि पंकजाकडे बघून थांबला. "नाही तर काय?" मी विचारलं. "काही नाही सर. बदला."

चाचणीला दहा दिवस होते. अंगदरावांच्या ओळखीचा एक सुतार बॅटी तासायचा. दस्ता सोडवून सोमवारी त्याच्याकडे द्यायचा ठरलं. तो गालाचा उंचवटा रंध्याने साफ करून देणार होता. पंकजा ऐकून पांढरी पडली. "नका तासू पप्पा. मला चालेल. मी जमवीन."

"जमत नाहीये ते दिसतंय," मी म्हणालो. "आणि त्या लाकडात काय आहे ते तुला माहीत नाही."

तिने अंगठा मुठीत धरला.

सोमवारी शाळेत संस्थेच्या एका माजी पदाधिकाऱ्याची शोकसभा झाली आणि साडेबाराला सुट्टी मिळाली. त्या सद्गृहस्थांना मी ओळखत नव्हतो, पण आजही त्यांचा ऋणी आहे. दस्ता घेऊन सुताराकडे जावं म्हणून मी घरी आलो. सोसायटीत चिटपाखरू नव्हतं. दारात चावी लावली आणि आतून ऐकू आलं.

"एक... दोन... तीन..."

मी खरं सांगतो, पळायचाच विचार होता. पण मागे उन्हात जिना आणि पुढे माझं स्वतःचं घर, आणि माणूस स्वतःच्या घरातून कुठे पळणार? मी चपला काढल्या आणि भिंतीला धरून आतल्या खोलीपर्यंत गेलो.

"सहा... सात... आठ." टक्.

कपाट उघडं होतं. पंकजा भिंतीवरच्या ठिपक्याकडे तोंड करून उभी होती. उजवा पाय पुढे. रायफल डाव्या खांद्याला. डावा गाल त्या काळ्या शिसवीवर टेकलेला, लाकूड तिच्या गालासाठीच कोरल्यासारखं. नळीच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवलं होतं. घोडा ओढला, टक् झालं, आणि नाणं हललंसुद्धा नाही. जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं. ती जीभ मी पूर्वी पाहिली होती. पहिलीतली, डाव्या हाताने पाटीवर 'अ' काढणारी पोर अशीच जीभ बाहेर काढायची.

"पंकजा," मी म्हणालो.

नाणं खाली पडून फरशीवर गोल फिरत राहिलं. आणि तिने पुढे जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती ओरडली नाही, दचकली नाही. मला पाहताक्षणी तिने रायफल झटकन उजव्या खांद्याला लावली. एकोणीस वर्षांची मुलगी, आणि बाप दिसताच हात बदलते.

तो वेगळा विषय आता सांगतो. पंकजा पहिलीत डाव्या हाताने लिहायची, डाव्याने घास घ्यायची. पंगतीत लोक बघायचे, आणि मी मास्तर. मी तिच्या केसांच्या लाल रिबिनीने तिचा डावा हात खुर्चीला बांधला होता. आठच दिवस. नवव्या दिवशी ती उजव्याने लिहायला लागली आणि मी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले.

"कधीपासून?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"रायफल आल्यापासून. दुपारचं लेक्चर बुडवते."

"ते नाही. डावा हात."

ती खाली बघत म्हणाली, "पहिलीपासूनच. तुम्ही घरात नसताना. डाव्यानंच लिहिते, डाव्यानंच जेवते. आईला माहितीय."

म्हणजे आमच्या घराला बाधा होती हे खरंच होतं. तेरा वर्षं होती, भरदुपारी वावरत होती, माझी पावलं वाजली की अंग चोरत होती. आणि ती मीच घातली होती. मी तिथेच फरशीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. पंकजा रायफल हातात घेऊन अवघडून उभी. शेवटी म्हणाली, "पप्पा, रडताय काय, आधी ही आत ठेवू द्या."

मी डोळे पुसले. "ठीक. पण तोंड सारखं फिरवून का ठेवतेस? मी घाबरून अर्धा झालो."

"मी नाही फिरवत," ती म्हणाली. "तुम्ही ठेवता तशीच ठेवते, पूर्वेला. मला वाटायचं तुम्हीच नंतर फिरवता."

आम्ही दोघांनी कपाटाकडे पाहिलं. मग ते लावून टाकलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसलो.

चाचणीच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर माझाच अर्ज माझ्यासमोर आला. 'नेमबाज: उजवा / डावा' या रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: उजवा. मी म्हणालो, हे बदलायचं आहे. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "खाडाखोड चालत नाही. डावखुरी असल्याचा दाखला आहे का?"

"असा दाखला कोण देतं?"

"ते आम्हाला माहीत नाही. पण उद्या कुणी हरकत घेतली तर मुलगी डावी आहे हे सांगणार कोण?"

"मी सांगतो," मी म्हणालो. रांगेतले सगळे वळून बघायला लागले, कारण मी वर्गातल्यासारखा ओरडलो होतो. "माझी मुलगी डावखुरी आहे. जन्मापासून. मी तिचा बाप आहे, लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं आणि बाजूला माझी सही घेतली. मागे पंकजाने हळूच नाक पुसलं, डाव्या हाताने.

एवढ्यात हारिस धावत आला. पट्ट्यावरची चिंधी चालणार नाही म्हणाला, आणि पंकजाची फेरी पाच मिनिटांत. मी ती गाठ सोडवायला घेतली. नखं लावली, दात लावले, सुईही लावून पाहिली. बारा वर्षं खुर्शीदभाईंना न सुटलेली गाठ. हारिस कात्री घेऊन आला. "कापू नका," मी आणि पंकजा एकदमच म्हणालो; राजूरच्या म्हातारीचं सगळं बोलणं मी तिला एव्हाना सांगितलं होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "डाव्या माणसानं मारलेली गाठ आहे. डाव्या हातानं बघा ना."

मी डाव्या हाताने टोक धरून ओढलं. माझा हात बावळटासारखा चाचपडला आणि गाठ एका हिसक्यात सुटली. ती चिंधी मऊ होती, आणि इतकी अरुंद, की एखाद्या लहान मुलाच्या मनगटाला दोनदा गुंडाळता यावी. मी ती खिशात ठेवली.

आठ जणांची निवड व्हायची होती. पंकजा आठवी आली. अंगदराव म्हणाले, "शेवटचीच की." मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा "गप्प बसा" म्हणालो. निरुपद्रवीपणाचा तो दाखला आता बहुधा रद्द झाला असावा.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी तिघं जेवायला बसलो. पंकजाने भाकरी मोडली, उजव्याने, आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि आमटी ओरपत राहिलो. तिने घास डाव्या हातात घेतला. जयाने तिच्या डाव्या बाजूला पाण्याचा तांब्या सरकवला.

दारावर थाप पडली. अंगदराव, तोंडचं पाणी पळालेलं. तिघांना पानावर बघून ते उंबऱ्यातच थबकले. "सर, तुम्ही सगळे इथंच?"

"का?"

"मग आत कोण मोजतंय? आत्ता वरून ऐकत आलो मी. पाचपर्यंत गेलं होतं."

पंकजाचा घास हातातच राहिला. पंखा फिरत होता. आतल्या खोलीतून, बंद कपाटाआडून, टक् असा अगदी हलका आवाज आला.

मी ताट बाजूला सारून उठलो. अन्नपूर्णेच्या मागची किल्ली घेतली, कपाट उघडलं, खिशातली ती लाल चिंधी दस्त्याशेजारी घडी घालून ठेवली. बंदुकीचं तोंड मी स्वतःच मावळतीला केलं, राजूरकडे. मग हात धुऊन परत आलो आणि उरलेली भाकरी खायला बसलो.